लग्नाचा पोशाख वर्षानुवर्षे टिकावा म्हणून नेमके काय करावे?

प्रश्न : अबोली

नमस्कार.

माझ्या लग्नाला तीन आठवडे झाले. त्या दिवशीचा पोशाख अजून कपाटाच्या दाराला हँगरवर तसाच लटकतो आहे आणि येता-जाता तो दिसला की याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मनात येतो. बाहेरचे कापड मोतिया रंगाचे रेशीम आहे, आत सुती अस्तर आहे, घेरावर बारीक जाळीचे दोन थर आहेत, कमरेभोवती मणी आणि टिकल्यांचे काम आहे आणि गळ्यापाशी जरीची नक्षी आहे. मागचा घेर जमिनीवर लोळत असल्यामुळे त्याची कड मळली आहे. ती सोडली तर पोशाख स्वच्छ दिसतो.

भीती वाटते ती आईच्या पोशाखाचे जे झाले त्यामुळे. अठ्ठावीस वर्षांनी आम्ही दोघींनी तो खोका उघडला, तेव्हा पुढच्या भागावर तपकिरी डाग पसरलेले होते आणि घड्यांच्या रेषांवर रेशीम उभे चिरत गेले होते. आईला त्या जागी काही सांडल्याचे अजिबात आठवत नाही. तिने हयगय केली असेही नाही. तिने तो धुवून आणला, ज्या प्लास्टिकच्या पिशवीत तो आला त्याच पिशवीत ठेवला, पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्यात घातला, डांबरगोळ्या टाकल्या आणि खोका माळ्यावर ठेवून दिला. जपायचे म्हणून जे जे करावे असे तिला सांगितले गेले होते, ते सारे तिने केले होते, आणि तरीही आम्ही दोघी त्या उघड्या खोक्यासमोर बराच वेळ काही न बोलता बसून राहिलो.

म्हणून विचारते. ते डाग आले कुठून? माझा पोशाख कोरड्या पद्धतीने धुवावा की पाण्याने? तो टांगून ठेवावा की घडी घालून? एका ठिकाणी धुलाईनंतर हवाबंद खोक्यात कायमचा बंद करून देण्याची सोय आहे, असे कळले. ती घ्यावी का? ज्यांनी असे पोशाख प्रत्यक्ष सांभाळले आहेत किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


प्रतिसाद : वस्त्रजतन

अबोलीताई, मी अनेक वर्षे संग्रहालयातील जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम केले आहे. आपल्या आईंच्या पोशाखाचे वर्णन वाचून वाईट वाटले, परंतु नवल वाटले नाही. त्यांचा हेतू पूर्णपणे योग्य होता. ज्या वस्तूंवर त्यांनी विश्वास ठेवला त्या वस्तूंनी घात केला.

आधी डागांविषयी. जे डाग लग्नाच्या दिवशी दिसतात त्यांची काळजी आपण घेतोच, त्यामुळे ते सहसा पोशाखाचा नाश करीत नाहीत. नाश करतात ते न दिसलेले डाग. साखर घातलेले कोणतेही रंगहीन पेय रेशमावर उडाले की ते काही मिनिटांत वाळते आणि मागे काहीच दिसत नाही. साखर मात्र धाग्यात राहते, हवेतील प्राणवायूशी आणि उष्णतेशी तिची हळूहळू प्रक्रिया होत जाते आणि काही महिन्यांत किंवा काही वर्षांत तिथे पिवळा, मग तपकिरी डाग उमटतो. घाम, अंगाला लावलेले तेल किंवा मलम आणि अत्तर यांचेही असेच होते. घामातील क्षार आणि घाम रोखणाऱ्या फवाऱ्यांमधील ॲल्युमिनियमचे क्षार काखेपाशी रेशमाचा धागाच कमजोर करतात, म्हणजे तिथे रंग बदलतो इतकेच नव्हे, तर कापड विरत जाते.

यासाठी धुलाईला देण्यापूर्वी पोशाख एका स्वच्छ पांढऱ्या चादरीवर पसरावा आणि खिडकीतून तिरपा येणाऱ्या उजेडात वीतभर अंतरावरून सगळा तपासावा. वाळलेल्या द्रवाच्या जागी कापडाची चमक किंचित मंद झालेली असते, किंवा पुसट कड दिसते, किंवा बोट फिरवल्यावर तो भाग जरा ताठ लागतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी काही क्षण फिरवली, तर यांतले काही डाग चमकून उठतात. मात्र हा प्रकाश रेशमाला हानिकारक असल्याने तो तेवढ्यापुरताच वापरावा. सापडलेल्या प्रत्येक जागेभोवती पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घालून खूण करावी. टाचणी लावू नये, कारण ती विसरली गेली की गंजते आणि गंजाचा डाग काढणे फार कठीण असते. आणि धुण्यापूर्वी इस्त्री मुळीच फिरवू नये. उष्णतेने न दिसणारे डाग धाग्यात पक्के बसतात.

आता घड्यांवरच्या चिरांविषयी. रेशीम हा प्रथिनाचा धागा आहे. एकाच रेषेवर तो वर्षानुवर्षे दुमडलेला राहिला आणि सोबत आम्ल, उष्णता व कोरडे-दमट हवामान यांचा मारा झाला, की त्या रेषेवर तो तुटतो. साध्या पुठ्ठ्यात लाकडातील लिग्निन असते. त्यातून कालांतराने आम्ले बाहेर पडतात आणि आतील कापड पिवळे व ठिसूळ होते. जुने वर्तमानपत्र ज्या कारणाने पिवळे पडते, तेच हे कारण. माळ्यावर दिवसा कमालीची उष्णता आणि रात्री गारवा, म्हणजे ही प्रक्रिया आणखी वेगाने झाली असणार.

धुलाईवाल्याची प्लास्टिकची पिशवी ही केवळ घरी येईपर्यंतच्या वाटेसाठी असते. तिच्यात ओल कोंडते. शिवाय अशा पातळ पिशव्यांमध्ये प्लास्टिक टिकावे म्हणून काही रसायने मिसळलेली असतात. ती कापडात उतरतात आणि धुरातून हवेत येणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावून कापडावर पिवळी छटा आणतात. पीव्हीसीच्या पिशव्या तर याहून वाईट, कारण त्या जुन्या होताना आम्लयुक्त वायू सोडतात आणि चिकट होतात.

पोशाख धुवून आल्यावर ठेवण्याची पद्धत अशी. आपला पोशाख वजनदार आहे आणि त्यावर मणीकाम आहे, त्यामुळे तो टांगू नये. सगळे वजन खांद्यांच्या शिवणींवर येते आणि जाळी त्या वजनाने ओढली जाते. उरेब कापलेला भाग असेल, तर तो टांगल्यावर लांबतच जातो. म्हणून आजच तो दारावरून उतरवावा आणि पलंगावर आडवा ठेवावा, ही पहिली विनंती. कायमचा ठेवण्यासाठी शक्य तितका लांब-रुंद खोका घ्यावा, म्हणजे घड्या कमी पडतील. खोका आम्लमुक्त आणि लिग्निनविरहित पुठ्ठ्याचा असावा. आत आम्लमुक्त टिश्यू कागद घालावा, परंतु तो घेताना एक भेद ध्यानात ठेवावा : काही कागदांत आम्ल शोषून घेण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते. असा कागद सुती आणि तागाच्या कापडाला चांगला. रेशीम आणि लोकर या प्रथिनांच्या धाग्यांना मात्र अल्कधर्मी सान्निध्य मानवत नाही. आपल्या पोशाखात रेशीम आणि सूत दोन्ही असल्याने कॅल्शियम न मिसळलेला, उदासीन कागदच घ्यावा.

प्रत्येक घडीच्या पोटात या कागदाची मनगटाएवढी जाड, सैल गुंडाळी ठेवावी, म्हणजे कापड कोनात मोडण्याऐवजी वळणात फिरते. बाह्यांमध्ये आणि छातीच्या भागात कागद चुरगळून सैलसर भरावा. मणीकामाचा भाग दुसऱ्या कापडाला थेट टेकू देऊ नये. मध्ये कागदाचे दोन-तीन पदर असावेत, नाही तर मणी रेशमावर रुततात आणि टिकल्यांच्या कडा जाळीत अडकतात. सर्वांत जड भाग तळाशी आणि हलका भाग वर, हा क्रम पाळावा.


प्रतिसाद : धुलाईघर

मी गेली तीस वर्षे धुलाईच्या व्यवसायात आहे, म्हणून फक्त धुलाईपुरते लिहितो. वरील प्रतिसादातील साखरेच्या डागांचा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की, तो धुलाईच्या बाजूने पुन्हा सांगणे मला आवश्यक वाटते.

कोरडी धुलाई म्हणजे पाण्याऐवजी द्रावकात केलेली धुलाई. परक्लोरोइथिलीन किंवा पेट्रोलियमपासून बनवलेले द्रावक तेलकट डाग उत्तम काढतात. साखर, मीठ आणि घामातील क्षार हे पाण्यात विरघळणारे पदार्थ आहेत. निव्वळ द्रावकात ते हलतही नाहीत. त्यामुळे ज्या पोशाखावर आधी पाण्याच्या अंशाने एकेक डाग काढलेला नाही, तो द्रावकातून कितीही वेळा फिरवून आणला तरी साखर तिथेच राहते आणि पोशाख तेवढा स्वच्छ दिसून घरी जातो. अबोलीताई, आईंच्या पोशाखाच्या बाबतीत हेच घडले असावे, असा माझा अंदाज आहे. ग्राहक डाग दाखवत नाही, कारण तो त्याला दिसत नाही. आणि धुणाऱ्याने शोधला नाही, तर तो कुणालाच सापडत नाही.

मग सगळा पोशाख पाण्यातच का धुवू नये? पॉलिएस्टरचा, पक्क्या रंगाचा आणि साध्या शिवणीचा पोशाख असेल, तर तज्ज्ञ हातांनी पाण्यात धुणे पुष्कळदा अधिक चांगले ठरते. आपल्या पोशाखात मात्र बाहेर रेशीम आणि आत सूत आहे. दोन्ही कापडे पाण्यात सारखी आटत नाहीत आणि एकदा अस्तर आटले की बाहेरचे कापड जागोजागी फुगते. रेशीम ओले असताना काहीसे कमजोर होते, त्यावर पाण्याचे थेंब वाळल्यास वळी उमटतात आणि जरीच्या नक्षीतून रंग किंवा काळपटपणा बाजूच्या मोतिया कापडात उतरू शकतो. म्हणून माझे मत असे की, आधी एकेका डागावर मर्यादित पाण्याने काम करावे आणि मग सौम्य द्रावकात, उलटा करून, जाळीच्या पिशवीत घालून धुवावा. कोणतीही पद्धत वापरण्यापूर्वी आतल्या शिवणीच्या जादा कापडावर तिची चाचणी घ्यावी.

मण्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. काचेच्या मण्यांना द्रावकाचे भय नाही. परंतु पॉलिस्टायरीनचे मणी परक्लोरोइथिलीनमध्ये मऊ होतात, एकमेकांना चिकटतात आणि कधी विरघळूनही जातात. शिवून न लावता गोंदाने चिकटवलेल्या टिकल्या धुलाईत सुटतात. काच हाताला थंड आणि जड लागते, प्लास्टिक कोमट आणि हलके लागते. तरी शंका असेल, तर शिवणकाम करणाऱ्याकडून एखादा सुटा मणी मागून घ्यावा आणि धुणाऱ्याला आधी तोच तपासायला द्यावा.

पोशाख देताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. काम त्याच जागी होणार की दुसरीकडे पाठवले जाणार? द्रावक गाळून स्वच्छ केलेले असेल का? मळलेल्या द्रावकात धुतलेले पांढरे कापड करडे होऊन बाहेर येते. पोशाख एकटा धुतला जाईल की इतर कपड्यांबरोबर? आणि न दिसणाऱ्या डागांसाठी तपासणी कशी करता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता न येणाऱ्याकडे असा पोशाख देऊ नये, असे मी माझ्या व्यवसायबंधूंचा मान राखून म्हणतो.

घरी काही करायचेच असेल, तर घेराच्या कडेवरचा चिखल पूर्ण वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने, एकाच दिशेने, हलक्या हाताने झाडावा. ओला कपडा घासू नये. क्लोरीनचे ब्लीच रेशमावर कधीही वापरू नये. ते रेशीम पिवळे करते आणि तीव्र असेल, तर धागा अक्षरशः विरघळवते. विकरयुक्त साबणाची पूडही टाळावी, कारण जे विकर प्रथिनांचे डाग खाते ते रेशीमही खाते. आणि हे सगळे लवकर करावे. तीन आठवड्यांचा डाग आणि तीन वर्षांचा डाग यांच्यात फार मोठा फरक असतो, आणि आपण अजून योग्य वेळेत आहात.


प्रतिसाद : निशिगंध

हवाबंद खोक्याविषयी माझा अनुभव सांगते, कारण मी नेमकी तीच सोय घेतली होती.

लग्नानंतर महिन्याभरात मी पोशाख धुवायला दिला आणि तो मला सुंदर, पारदर्शक खिडकी असलेल्या बंद खोक्यात परत मिळाला. खोका उघडल्यास हमी रद्द होईल, असे त्यावर छापलेले होते. मी ते शिरसावंद्य मानले आणि अकरा वर्षे तो उघडला नाही. खिडकीतून गळ्याची नक्षी दिसत असे, ती स्वच्छ होती, म्हणून बाकीचेही ठीक असेल असे मी धरून चालले. अकरा वर्षांनी घर बदलताना खोका ओला झाला आणि नाइलाजाने उघडावा लागला. खिडकीतून दिसणारा भाग तेवढा पांढरा होता. खाली दुमडलेल्या घेरावर हाताच्या पंजाएवढे दोन तपकिरी डाग होते आणि खिडकीच्या प्लास्टिकमागचा आधाराचा पुठ्ठा पिवळा पडून कापडाला चिकटला होता. हमीपत्र मी शोधून काढले, तर त्यात पोशाख पुन्हा विनामूल्य धुवून देण्यापलीकडे काहीच नव्हते. आणि तेवढ्यासाठीही खोका बंद असणे आवश्यक होते.

मला त्या कंपनीविरुद्ध तक्रार मांडायची नाही. त्या खोक्यामुळे मी अकरा वर्षे पोशाखाकडे पाहिले नाही, याची खंत मला वाटते. दुसऱ्या वर्षी तो डाग फिकट पिवळा असताना दिसला असता, तर बहुधा निघाला असता. अकराव्या वर्षी मी तो तीन ठिकाणी दाखवला आणि तिन्ही ठिकाणी मला सांगण्यात आले की, डाग काढायला गेले तर कापड जाईल.

म्हणून ज्याला झाकण आहे आणि ते झाकण उघडता येते, असाच खोका घ्यावा, असे मी मनापासून सांगेन.


प्रतिसाद : वस्त्रजतन

निशिगंधताईंनी लिहिलेला अनुभव मी कामाच्या निमित्ताने पुष्कळांकडून ऐकला आहे. त्यात एक स्पष्टीकरण जोडतो. पूर्ण हवाबंद वेष्टन तत्त्वतः चुकीचेच आहे असे नाही. संग्रहालयांत कीटकनाशासाठी वस्तू प्राणवायूविरहित वेष्टनात काही काळ ठेवतात. परंतु तिथे आतील आर्द्रता मोजलेली असते आणि वेष्टनाचा पदार्थ पारखलेला असतो. व्यवसायातील बहुतेक खोके नुसते चिकटपट्टीने बंद केलेले असतात आणि हवा आत-बाहेर जातच असते. निर्वात करून आवळलेल्या पिशवीत तर कापडाला शेकडो बारीक घड्या पडतात आणि आत राहिलेली ओल बाहेर पडू शकत नाही. घरासाठी उघडता येणारा खोकाच योग्य.


प्रतिसाद : अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पोशाख काल संध्याकाळीच दारावरून उतरवून चादरीवर आडवा ठेवला.

आणखी काही शंका आहेत. आम्लमुक्त खोका मिळेपर्यंत काय करावे? आमच्याकडे एक जुनी लाकडी पेटी आहे आणि एक पत्र्याची ट्रंक आहे. यांपैकी एखादी चालेल का? जरीविषयी काही वेगळी काळजी घ्यावी लागते का? छातीच्या भागात आतून स्पंजाचे पॅड शिवलेले आहेत, ते तसेच राहू द्यावेत का? आणि डांबरगोळ्या घालायच्या नाहीत, तर कसरीपासून बचाव कसा करायचा?


प्रतिसाद : वस्त्रजतन

क्रमाने लिहितो.

खोका मिळेपर्यंत, आणि तो मिळालाच नाही तरीही, मांजरपाट हा उत्तम पर्याय आहे. न रंगवलेले, ब्लीच न केलेले मांजरपाट घ्यावे आणि त्यातील खळ पूर्ण निघेपर्यंत गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवावे. कापड मऊ करणारे द्रव शेवटच्या पाण्यात घालू नये. अशा कापडात गुंडाळलेल्या पोशाखाला हवा मिळते, धूळ लागत नाही आणि उजेडही लागत नाही. खळ काढण्याचा आग्रह एवढ्यासाठी की, झुरळे आणि चंदेरी कसर तिच्यावरच येतात.

लाकडी पेटी टाळावी. लाकूड कितीही जुने असले तरी त्यातून ॲसेटिक आम्लासारख्या पदार्थांची वाफ निघत राहते आणि ज्या लाकडाचा सुगंध आपल्याला आवडतो त्यातून तर अधिकच. पत्र्याची ट्रंक गंजलेली नसेल आणि आतून भाजून पक्का केलेला रंग असेल, तर ती चालते. आत मांजरपाटाचे जाड अस्तर घालावे, कारण बाहेर गारवा पडला की पत्र्याच्या आतल्या बाजूला ओल धरते. ट्रंक जमिनीवर थेट न ठेवता ठोकळ्यांवर उचलून ठेवावी.

जरीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारल्याबद्दल बरे वाटले, कारण त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. जरीत धाग्याभोवती धातूची अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली असते. ती चांदीची किंवा तांब्याची असेल, तर हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. रबर आणि लोकर यांतून गंधकयुक्त वायू निघतात, म्हणून पोशाखाच्या खोक्यात लोकरीची शाल, रबरी पट्टे किंवा रबराचा तळवा असलेले बूट ठेवू नयेत. घामाच्या हाताने जरीला स्पर्श करू नये. पोशाख हाताळण्यापूर्वी हात धुवून पूर्ण कोरडे करावेत आणि अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. काळी पडलेली जर भांडी उजळण्याच्या द्रावाने किंवा पुडीने घासू नये. त्याने मुलामा जातो आणि खाली उरलेला धातू पहिल्यापेक्षा लवकर काळवंडतो. जरीवर अत्तर उडाले असल्यास ते धुणाऱ्याला आवर्जून सांगावे.

स्पंजाचे पॅड आजच उसवून काढावेत. हे पॅड बहुधा पॉलियुरेथेनचे असतात. काही वर्षांत ते पिवळे पडतात, मग चिकट होतात आणि शेवटी भुसा होऊन कापडात मुरतात. ज्या पोशाखांची मी दुरुस्ती केली त्यांत छातीच्या भागातील डागांचे कारण अनेकदा हेच निघाले. काढलेल्या पॅडच्या जागी आम्लमुक्त कागद किंवा धुतलेल्या मांजरपाटाची छोटी उशी ठेवावी. ताणले जाणारे पट्टे, सुटे हुक, कापडात खोचलेल्या पिना आणि कापडी फुलांमधील तारा यांनाही हाच न्याय लावावा.

डांबरगोळ्यांत नॅप्थलीन किंवा पॅराडायक्लोरोबेंझीन असते. दोन्हींची वाफ माणसाला अपायकारक आहे, दुसरे रसायन काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि मणी मऊ करते आणि दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र पडल्या, तर त्या वितळून कापडावर डाग पडतो. सुवासिक पाला किंवा तेलाचे बोळेही कापडाला टेकू देऊ नयेत. त्यांतले तेल उतरते. खरा बचाव स्वच्छतेत आहे. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या आणि गालिच्याच्या भुंग्यांच्या अळ्या मुख्यतः लोकर, पिसे आणि केस खातात. भुंग्याच्या अळ्या रेशीमही खातात, आणि घाम व अन्नाचे अंश असलेले कापड दोघांनाही अधिक आवडते. धुतलेला पोशाख, घट्ट बसणारे झाकण आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढे पुरेसे होते. तपासणीत वाळूसारखी विष्ठा, पोकळ कात किंवा अनियमित छिद्रे दिसली, तर मात्र पोशाख लगेच इतर कपड्यांपासून वेगळा करावा.

जागेविषयी : साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान आणि ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता रेशमाला मानवते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो. इतके काटेकोर तापमान घरात राखता येत नाही आणि त्याची चिंता करू नये. फार चढउतार नसणे हे अचूक आकड्यापेक्षा महत्त्वाचे असते. म्हणून माळा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, ऊन खाणारी बाहेरची भिंत आणि पाण्याच्या नळांखालची जागा सोडून, ज्या खोलीत आपण स्वतः राहतो तिथल्या आतल्या कपाटाचा मधला कप्पा निवडावा. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र त्याच कप्प्यात ठेवल्यास अंदाज बांधावा लागत नाही.

वर्षातून एकदा, हवा कोरडी असलेल्या दिवशी, पोशाख बाहेर काढावा, तासभर सावलीत पसरावा, तपासावा आणि पुन्हा ठेवताना घड्या पहिल्या रेषांपासून चार बोटे सरकवून घालाव्यात. आपल्या आईंच्या पोशाखात एवढी एक गोष्ट झाली असती, तरी चिरा टळल्या असत्या किंवा निदान लांबल्या असत्या.


प्रतिसाद : जुनी पेटी

मी वेगळ्या बाजूने लिहिते. माझ्याकडे पणजीच्या काळातला, शंभर वर्षांहून जुना एक रेशमी पोशाख आहे आणि तो वाचवण्याच्या प्रयत्नात मला एक गोष्ट कळली की, काही रेशीम जन्मतःच अल्पायुषी असते. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुवून काढला की त्याचे सुमारे पाव वजन कमी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक कारखाने हे वजन भरून काढण्यासाठी रेशीम कथिलाच्या क्षारांत बुडवीत असत. त्याने कापड भरदार होई, सळसळे आणि सुरेख पडे. परंतु तेच क्षार पुढे धागा कापत जातात. माझा पोशाख उभ्या रेषांमध्ये फाटतो आहे आणि कोणत्याही खोक्याने ते थांबणार नाही, असे मला तज्ज्ञांनी सांगितले. म्हणून मी त्याची लेस सोडवून वेगळी ठेवली. ती सुती आहे आणि आजही भक्कम आहे.

या निर्णयाचे मला फार दुःख झाले होते. नंतर वाचनात आले की, राणी व्हिक्टोरियाने १८४० साली लग्नात पांढऱ्या सॅटिनच्या पोशाखावर जी हॉनिटनची लेस वापरली, ती तिने पुढे आयुष्यभर निराळ्या पोशाखांवर पुन्हा पुन्हा लावली आणि १८९७ साली तिच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातही ती दिसते. ते वाचून मन थोडे शांत झाले. पोशाखाचा जो भाग टिकणारा आहे तो ओळखून त्याला वेगळे आयुष्य देणे, हीसुद्धा जपणूकच आहे, असे मी आता मानते.

अबोलीताई, आपल्या आईंच्या पोशाखाचा विचार या दृष्टीने करता येईल. अस्तर, लेस, बटणे, मणीकाम यांतले काही शाबूत असेल, तर ते टाकून देऊ नका. आणि आपल्या नव्या पोशाखाच्या खोक्यात एक कागद आवर्जून ठेवा : कापड कोणते, कोणी शिवले, केव्हा धुतले, कोणत्या पद्धतीने धुतले, डाग कुठे होते. तो कागदही आम्लमुक्त असावा आणि मजकूर पेन्सिलीने लिहावा, कारण शाई ओलीने पसरते. माझ्या पणजीच्या पोशाखासोबत असा एक चतकोर कागद असता, तर त्या रेशमावर कथिलाचे क्षार आहेत की नाहीत हे शोधण्यात आणि चुकीचे उपचार करण्यात माझी दोन वर्षे गेली नसती.


प्रतिसाद : अबोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. या आठवड्यात जे केले ते कळवते.

स्पंजाचे पॅड उसवून काढले. डावीकडच्या पॅडच्या खाली अस्तरावर आत्ताच फिकट पिवळसर छटा आली आहे. ती घामाची असावी. रविवारी सकाळी पोशाख खिडकीजवळ पसरून तिरप्या उजेडात पाहिला. पहिला अर्धा तास काहीच दिसले नाही आणि आमचे काळजी करणे अनाठायी आहे की काय, असे वाटू लागले. मग आईने घेराचा पुढचा भाग हातात धरून हळूहळू फिरवला आणि तिलाच प्रथम ते दिसले : गुडघ्याच्या जरा वर, पेल्याच्या तळाएवढे एक वर्तुळ, ज्याच्या कडेपुरती रेशमाची चमक मंद झाली आहे. बोट फिरवले, तर ती कड ताठ लागते. त्या जागी काही सांडल्याचे मलाही आठवत नाही. तिच्या पोशाखावरचा सर्वांत मोठा डागही जवळपास त्याच उंचीवर आहे.

आम्ही त्याभोवती पांढरा टाका घातला. पुढे शोधत गेलो तेव्हा अशा आणखी सहा जागा सापडल्या, त्यांतल्या दोन जाळीच्या आतल्या थरावर. दोन धुलाईवाल्यांना फोन करून न दिसणाऱ्या डागांची तपासणी कशी करता, हे विचारले. पहिल्याने डाग दिसत नसतील तर काळजी करू नका, असे सांगितले. दुसऱ्याने पोशाख घेऊन या, आपण टेबलावर एकत्र बसून खुणा करू, असे सांगितले. उद्या सकाळी तिथे जात आहोत. आईने तिच्या पोशाखाच्या बाह्यांवरची लेस सोडवायला घेतली आहे आणि ती अजून पांढरी आहे.